डेटा कोण खातो? आधी मोजू, मग बोलू

घरात वीज किती जळली ते मीटर सांगतो. गॅसचे सिलिंडर कोणत्या दिवशी लावले, ती तारीख स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर असते. दुधाचा हिशेब दूधवाला ठेवतो आणि आपणही ठेवतो. मात्र दर महिन्याला रोख पैसे मोजून घेतलेल्या इंटरनेटचा हिशेब किती घरांत लिहिला जातो? आमच्या राजूरमध्ये आम्ही पालकांना विचारून पाहिले. बहुतेकांचे उत्तर एकच होते : "संपलं की कळतं."

हे संपल्यावर कळणे घरात भांडण लावते. राजूर हे वणी तालुक्यातले, कोळशाच्या खाणींचे आणि चुनाभट्ट्यांचे गाव. घरातला कर्ता माणूस पाळीने कामाला जातो, रात्रपाळी करून आला की दिवसा झोपतो. एकाच मोबाईलच्या हॉटस्पॉटवर मुलांचा जुना लॅपटॉप चालतो. दुपारी डेटा संपतो, संध्याकाळी चौकशी होते आणि ज्याच्या हातात कम्प्युटर जास्त वेळ दिसतो त्याच्यावर आरोप ठेवला जातो. आमच्या पाहण्यात हा आरोप बहुधा शिकणाऱ्या मुलीवर येतो. त्यामुळे हा विषय आम्हाला फक्त रिचार्जचा वाटत नाही.

हिशेब रुपयांत मांडू

५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओची सेवा सुरू झाली, त्याआधी एका जीबीसाठी दोनशे रुपयांच्या वर मोजावे लागत होते. मग डेटा इतका स्वस्त झाला की मोजण्याची सवयच सुटली. जुलै २०२४ मध्ये मोबाईल कंपन्यांनी दर वाढवले. दिवसाला दीड जीबीचा, २८ दिवसांचा जिओचा प्लॅन २३९ रुपयांवरून २९९ रुपयांचा झाला. २८ दिवसांच्या हिशेबाने वर्षाला बारा नव्हे, तेरा रिचार्ज लागतात. म्हणजे त्या दराने एका मोबाईलचे वर्षाचे ३,८८७ रुपये. घरात तीन मोबाईल असतील तर आकडा अकरा हजारांच्या वर जातो. एवढ्या रकमेत मुलांच्या गणवेशाचा आणि वह्या-पुस्तकांचा खर्च निघतो.

या प्लॅनमध्ये २८ दिवसांत एकूण ४२ जीबी मिळतात, पण एकदम मिळत नाहीत. रोज दीड जीबी मिळतो आणि त्यातला उरलेला मध्यरात्री बुडतो. दिवसाची मर्यादा संपली की वेग ६४ केबीपीएसवर येतो. ऐकायला हा मोठा आकडा वाटतो, पण यातला 'बी' म्हणजे बिट. आठ बिटांचा एक बाइट होतो. म्हणजे सेकंदाला फक्त ८ केबी. बालभारतीच्या पुस्तकातला ५ एमबीचा एक धडा उतरवायचा, तर या वेगाने दहा मिनिटांहून जास्त लागतात. महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा शेवटचा दिवस असेल आणि घरातला डेटा दुपारीच संपला असेल, तर मूल सेवा केंद्राच्या रांगेत उभे राहते आणि तिथे वेगळे पैसे देते. शिवाय वेळ जातो तो वेगळा.

कपाटात गेलेला लॅपटॉप

आमच्या वर्गातल्या एका मुलीची मोठी बहीण बारावी विज्ञानाला होती आणि सीईटीची तयारी करत होती. शिकवणीचे व्हिडिओ ती लॅपटॉपवर पाहायची. घरातला डेटा रोज सकाळी अकरापर्यंत संपू लागला. वडिलांनी लॅपटॉप कपाटात ठेवून कुलूप लावले. दुसऱ्या दिवसापासून डेटा रात्रीपर्यंत पुरू लागला. झाले, संशय पक्का झाला. "पोरगी अभ्यासाच्या नावाखाली काहीतरी बघते," हे वाक्य त्या घरात पहिल्यांदा बोलले गेले.

आईने पालकसभेत हे आम्हाला सांगितले. आम्ही एका रविवारी त्यांच्या घरी गेलो आणि लॅपटॉप बाहेर काढायला सांगितला. विंडोज मागच्या तीस दिवसांचा डेटा कोणत्या कामाला किती गेला, याची यादी ठेवते. ती यादी सगळ्यांच्या समोर उघडली. सर्वांत वर होती खुद्द 'सिस्टिम', म्हणजे विंडोजचे स्वतःचे काम. तिच्या खाली 'वनड्राइव्ह'. शिकवणीचे व्हिडिओ ज्यातून पाहिले जायचे तो ब्राउझर तिसरा होता.

मग उलगडा झाला. मुलीच्या भावाने मामाच्या निकाहाचे व्हिडिओ पेनड्राइव्हवरून 'पिक्चर्स' या फोल्डरमध्ये टाकले होते. त्या फोल्डरची प्रत आपोआप क्लाउडवर चढवण्याची सोय चालू होती. मुलगी लॅपटॉप उघडून अभ्यासाला बसली की इकडे तिचा धडा सुरू व्हायचा आणि तिकडे निकाहाचे व्हिडिओ वर चढू लागायचे. त्यातच विंडोजचे अपडेट उतरत होते. लॅपटॉप बंद केल्यावर डेटा पुरला हे खरेच होते. पण लॅपटॉप आणि मुलगी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तपासल्याशिवाय कळले नसते.

वडील थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "हे आधी कुणी दाखवलं असतं तर..." त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. काट्यात पाप करू नये, माप पुरे द्यावे, हे आपल्या घरांत लहानपणीच शिकवले जाते. तोच काटा डेटालाही लावायला हवा. मोजल्याशिवाय हिशेब होत नाही आणि हिशेबाशिवाय न्याय होत नाही.

कम्प्युटर जास्त का खातो?

मोबाईलवर दिवसभर पुरणारा डेटा लॅपटॉप जोडला की तासाभरात का संपतो? याला तीन कारणे आहेत.

पहिले कारण असे की, मोबाईलला कळते आपण सिमच्या डेटावर चालतो, म्हणून तो बरीच कामे वायफाय मिळेपर्यंत थांबवून ठेवतो. लॅपटॉपला मात्र तुमचा हॉटस्पॉट म्हणजे एक वायफाय एवढेच समजते. इथे भरपूर डेटा आहे असे गृहीत धरून तो अपडेट, बॅकअप सगळे सुरू करतो.

दुसरे कारण पडद्याचे. व्हिडिओचा दर्जा 'ऑटो'वर असेल तर मोठ्या पडद्यावर मोठ्या दर्जाचे चित्र येते. साधारण हिशेब असा : ४८० दर्जाचा व्हिडिओ तासाला अर्धा जीबीच्या आसपास घेतो, ७२० दर्जाचा एक ते दीड जीबी आणि १०८० दर्जाचा दोन ते तीन जीबी. म्हणजे दीड जीबीच्या प्लॅनवर १०८० दर्जाचा धडा तासभरही चालणार नाही. तोच धडा ४८० वर ठेवला तर तीन तास चालेल. फळ्यावर लिहिलेले गणित ४८० वर स्वच्छ वाचता येते.

तिसरे कारण अनेकांना ठाऊक नसते. फक्त उतरणारा डेटा मोजला जात नाही, चढणाराही मोजला जातो. फोटोंचा बॅकअप, व्हिडिओ कॉलमध्ये आपल्याकडून जाणारे चित्र, हे सगळे त्याच दीड जीबीतून जाते. शिवाय विंडोजमध्ये 'डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन' नावाची सोय आहे. ती चालू असेल आणि त्यात इंटरनेटवरच्या इतर कम्प्युटरांनाही परवानगी असेल, तर आपल्याकडे उतरलेले अपडेट आपलाच कम्प्युटर पुढे दुसऱ्यांना पाठवू शकतो.

मीटर कुठे आहे?

वाचकहो, यासाठी काही विकत घ्यायची गरज नाही. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज उघडा, 'नेटवर्क अँड इंटरनेट'मध्ये जा, तिथे 'ॲडव्हान्स्ड नेटवर्क सेटिंग्ज' आणि त्यात 'डेटा युसेज'. विंडोज १० मध्येही 'डेटा युसेज' हे 'नेटवर्क अँड इंटरनेट'मध्येच सापडते. वर कोणते नेटवर्क ते निवडता येते, कारण घरच्या हॉटस्पॉटचा हिशेब वेगळा आणि शेजारच्या वायफायचा वेगळा ठेवला जातो. खाली प्रत्येक प्रोग्रॅमचे नाव आणि त्याच्यासमोर आकडा असतो.

त्याच पानावर मर्यादा घालता येते. महिन्याची मर्यादा निवडा, कोणत्या तारखेपासून मोजायचे ते लिहा आणि आकडा टाका. ४२ जीबीच्या प्लॅनमध्ये कम्प्युटरच्या वाट्याला २० जीबी ठेवायचे ठरले, तर २० लिहा. एक गोष्ट ध्यानात असू द्या : ही मर्यादा इशारा देते, नेट तोडत नाही. हात आखडायचे काम माणसालाच करावे लागते.

या क्षणी कोण नेट ओढते आहे हे पाहायचे असेल, तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबा. 'टास्क मॅनेजर' उघडेल. त्यातल्या 'नेटवर्क'च्या रकान्यावर क्लिक केले की सर्वांत जास्त नेट ओढणारा प्रोग्रॅम वर येतो. कुणाकडे ॲपलचा मॅक असेल, तर हेच 'ॲक्टिव्हिटी मॉनिटर'मध्ये दिसते. अँड्रॉइड मोबाईलच्या डेटा वापराच्या यादीत 'हॉटस्पॉट' ही वेगळी ओळ असते. त्या ओळीतला आकडा म्हणजे मोबाईलवरून लॅपटॉपला गेलेला डेटा.

आवरायचे कसे?

सर्वांत मोठा फरक पाडणारे एकच बटण आहे. वायफायच्या यादीत आपल्या हॉटस्पॉटच्या नावावर जाऊन 'प्रॉपर्टीज' उघडा आणि 'मीटर्ड कनेक्शन' चालू करा. याचा अर्थ आपण कम्प्युटरला सांगतो, "बाबा रे, इथे मोजून मिळते." मग बहुतेक अपडेट आपोआप उतरत नाहीत आणि स्टोअरमधले प्रोग्रॅमही गुपचूप नवे होत नाहीत. वनड्राइव्हही मीटर्ड कनेक्शन दिसले की थांबू शकते, पण त्याच्या सेटिंग्जमध्ये जाऊन एकदा खात्री करा. बॅकअप नको असलेला फोल्डर तिथूनच वगळता येतो. वनड्राइव्हची फुकट जागा तशीही ५ जीबीच आहे, लग्नाचे व्हिडिओ तिथे मावणार नाहीत. ते पेनड्राइव्हवर किंवा हार्ड डिस्कवर ठेवलेले बरे.

अपडेटच्या सेटिंग्जमधल्या 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स'मध्ये 'डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन' बंद करता येते. अपडेट काही आठवडे थांबवूनही ठेवता येतात. मात्र कायमचे बंद करू नका. आधार क्रमांक, बँकेचे व्यवहार आणि मुलांचे अर्ज ज्या कम्प्युटरवर होतात, त्याला सुरक्षेचे अपडेट मिळालेच पाहिजेत. रात्री झोपण्यापूर्वी दिवसाचा डेटा उरलेला असेल, तर तो मध्यरात्री बुडण्याआधी अपडेटला द्या. बुडणारा डेटा कामी लागतो आणि दुसऱ्या दिवशीच्या अभ्यासाला धक्का लागत नाही.

व्हिडिओचा दर्जा 'ऑटो'वरून काढून ४८० वर ठेवा. 'ऑटोप्ले' बंद करा, म्हणजे एक व्हिडिओ संपला की न मागता दुसरा सुरू होणार नाही. मूल झोपी जाते आणि कार्टून चालूच राहते, हे किती घरांत घडते! ऑनलाइन वर्गात शिक्षकांची हरकत नसेल, तर आपला कॅमेरा बंद ठेवा. बालभारतीची पाठ्यपुस्तके पीडीएफ स्वरूपात मोफत मिळतात. ती एकदा उतरवून ठेवली की वर्षभर नेट नसतानाही वाचता येतात.

ऐकायचे ते ऐकूच या

आपल्या घरांमध्ये सकाळी तिलावत लावण्याची चांगली सवय आहे. पण ती बहुधा व्हिडिओवर लावली जाते आणि पडद्याकडे कुणी पाहत नसते. त्याचा हिशेब करू. १२८ केबीपीएसचा आवाज सेकंदाला १६ केबी, म्हणजे तासाला ५८ एमबीच्या आत बसतो. तेच ४८० च्या व्हिडिओवर ऐकले तर अर्धा जीबी जातो, जवळपास नऊपट. आवाजाची फाइल एकदा उतरवून ठेवली तर दुसऱ्या दिवसापासून काहीच खर्च नाही. नात, तकरीर, मुलांसाठी दुआ, सगळ्यांना हेच लागू आहे. चांगल्या कामातही इसराफ होऊ शकतो. पाणी वजूसाठी असले तरी नळ उघडा सोडत नाही, तसेच हे.

राउटर आणि शेजार

ज्यांच्या घरी फायबरची तार आली आहे, त्यांचा प्रश्न वेगळा. बऱ्याच फायबर प्लॅनमध्ये महिन्याला ३,३०० जीबीपर्यंत पूर्ण वेग मिळतो. रोजचे ११० जीबी झाले. साध्या घराला हे संपवणे अवघड. तरीही नेट मंद चालत असेल, तर राउटरला किती जण जोडलेले आहेत ते पाहा. राउटरच्या पाठीमागे चिकटवलेल्या कागदावर एक पत्ता आणि पासवर्ड असतो. तो पत्ता ब्राउझरमध्ये टाकला की जोडलेल्या सर्व उपकरणांची यादी दिसते. अनोळखी नावे दिसली तर वायफायचा पासवर्ड बदला. राउटरचा स्वतःचा, कंपनीकडून आलेला पासवर्डही बदला.

इथे एक प्रश्न आम्हाला नेहमी विचारला जातो : शेजाऱ्याच्या मुलाने पासवर्ड मागितला तर? शेजाऱ्याचा हक्क आपण जाणतोच. अर्ज भरायला, निकाल पाहायला त्याला जरूर बसू द्या. पण पासवर्ड एकाला दिला की गल्लीभर होतो आणि त्या नेटवरून कुणी काही भलतेसलते केले तर चौकशी कनेक्शन ज्याच्या नावावर आहे त्याच्याकडे येते. बहुतेक राउटरमध्ये पाहुण्यांसाठी वेगळे 'गेस्ट' नेटवर्क करता येते. ते करावे, काम झाले की बंद करावे. शेजारधर्मही राहतो आणि हिशेबही राहतो.

बंदी, भोंगा आणि आपले घर

फायबरवर डेटा संपत नाही, तेव्हा मोजायची गोष्ट बदलते. मग मोजायचा असतो वेळ. या बाबतीत महाराष्ट्रातल्या दोन गावांनी दोन वेगळे मार्ग धरले.

आमच्याच यवतमाळ जिल्ह्यात, पुसद तालुक्यातल्या बान्सी गावच्या ग्रामसभेने नोव्हेंबर २०२२ मध्ये अठरा वर्षांखालील मुलांनी मोबाईल वापरू नये असा ठराव केला. कोरोनाच्या काळात शिक्षणासाठी हातात आलेला मोबाईल शाळा सुरू झाल्यावरही सुटला नाही, हे त्यामागचे दुखणे होते. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सांगली जिल्ह्यातल्या, कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने वेगळे ठरवले. तिथे संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजतो आणि दीड तास घराघरांतले टीव्ही, मोबाईल बंद राहतात. मुले अभ्यासाला बसतात, मोठी माणसे आपसात बोलतात.

दोन्ही गावांची तळमळ खरी आहे. शिक्षक म्हणून आम्हाला वडगावचा मार्ग अधिक पटतो. त्यात नियम फक्त मुलांना नाही, मोठ्यांनाही आहे. अभ्यासाचे साधन कुणाच्या हातून काढून घेतलेले नाही, फक्त त्याची वेळ ठरवली आहे. बारावीच्या मुलीला आज कम्प्युटर नाकारणे म्हणजे तिला सराव परीक्षा नाकारणे, कारण एमएचटी-सीईटी ही परीक्षाच कम्प्युटरवर द्यावी लागते.

आणि आपल्याला वेगळा भोंगा कशाला हवा? मगरिबची अजान रोज होतेच. मगरिब ते इशा हा साधारण सव्वा-दीड तासाचा वेळ घराने नेटशिवाय काढायचा, असे ठरवता येईल. राउटरचे किंवा हॉटस्पॉटचे बटण बंद, सर्वांसाठी बंद, अब्बांच्या बातम्यांसाठीही आणि अम्मीच्या मालिकेसाठीही. लहान मुलांसाठी विंडोजमध्ये 'मायक्रोसॉफ्ट फॅमिली सेफ्टी' ही मोफत सोय आहे. मुलाचे वेगळे खाते काढून रोज किती तास कम्प्युटर चालेल ते ठरवता येते आणि आठवड्याचा वापर पालकांना ईमेलवर कळतो. मात्र मुलाला सांगून लावा. चोरून पाळत ठेवली तर मूलही चोरून वापरायला शिकते.

वही कुणाकडे द्यायची?

शेवटी एक सोपे काम सुचवतो. चाळीस पानी वही घ्या. चार रकाने आखा : तारीख, रात्री झोपताना किती डेटा वापरला गेला, कम्प्युटरवर किती गेला आणि कोणत्या कामासाठी. कंपनीच्या ॲपमधून आणि 'डेटा युसेज'च्या पानावरून आकडे मिळतील. ही वही घरातल्या सहावी-सातवीच्या मुलाकडे किंवा मुलीकडे सोपवा. शेकडेवारीचा धडा त्यांना चालूच असतो. दीड जीबीपैकी ३०० एमबी अभ्यासाला गेले तर शेकडा किती, हे उदाहरण पुस्तकातल्या आंब्याच्या उदाहरणापेक्षा लवकर समजते. आणि उत्तर साधारण वीस टक्के आले की बाकीचे ऐंशी कुठे गेले, हा पुढचा प्रश्न मूल स्वतःच विचारते.

पंधरा दिवस फक्त लिहा, कुणाला काही बोलू नका. सोळाव्या दिवशी वही मध्ये ठेवून सगळे बसा. कदाचित जास्त डेटा मोठ्या माणसांच्या रिल्सवर गेलेला दिसेल, कदाचित मुलाच्या गेमवर, कदाचित कुणाच्याच हातून नाही, नुसत्या अपडेटमध्ये. जे असेल ते आकड्यांत दिसेल. मग वाटणी करा आणि त्या वाटणीत अभ्यासाचा वाटा सर्वांत आधी बाजूला काढून ठेवा, जसे पगार आला की किराण्याचे पैसे आधी काढतो.